परतीची वाट हरवलेला शेतीशास्त्रज्ञ

बीड - दसरा झाला की बीड जिल्ह्यातील गावे रिकामी होऊ लागतात. गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, शिरूर, पाटोदा, आष्टी या भागांतून बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकच्या साखरपट्ट्याकडे निघतात. कोयत्यामागे किती उचल घेतली, किती फिटली आणि किती अंगावर राहिली, याचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. मुलांची शाळा किती बुडाली, गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांचे दुखणे कोणी काढले, पोळा आणि पंचमी सोडून घरातली माणसे एकत्र कधी जेवली, याचा हिशेब कोणत्याही वहीत नसतो. स्थलांतराचा हा न मांडलेला खर्च या जिल्ह्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता या जिल्ह्यातील मुले सातासमुद्रापारही जाऊ लागली आहेत. बीड, अंबाजोगाई, परळी येथील घरांत परदेशी विद्यापीठांची शुल्के, शैक्षणिक कर्ज आणि व्हिसा यांची चर्चा ऐकू येते. त्या चर्चेतही दिसणाऱ्या खर्चाचीच बेरीज होते. न दिसणारा खर्च किती असतो, हे समजून घेण्यासाठी वर्ध्यात जन्मलेल्या एका मराठी माणसाचे आयुष्य पाहण्यासारखे आहे. क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी देश सोडला. त्यांना राजरोसपणे परत येता आले ते चार दशकांहून अधिक काळ लोटल्यानंतर.

दुष्काळातले बालपण

खानखोजे यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतला. सुरुवातीचे शिक्षण वर्ध्यात आणि पुढचे नागपुरात झाले. त्यांच्या शालेय वयातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले. वऱ्हाड-मध्यप्रांतात अन्नावाचून माणसे मेली. दुसऱ्या दुष्काळाने निजामाच्या राज्यातील मराठवाड्यालाही सोडले नाही. अन्नासाठी वणवण करणारी माणसे पाहत ही पिढी मोठी झाली. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा प्रभाव तरुण पांडुरंगांवर होता. सशस्त्र लढ्याशिवाय इंग्रज जाणार नाही, असे त्यांचे मत बनत गेले. शस्त्रांचे शिक्षण मात्र भारतात मिळणे शक्य नव्हते.

१९०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केला आणि आशियातील तरुणांच्या नजरा जपानकडे वळल्या. १९०६ च्या सुमारास खानखोजे घर सोडून निघाले. प्रथम जपान आणि तेथून अमेरिकेचा पश्चिम किनारा, असा त्यांचा मार्ग होता. घरची आर्थिक स्थिती बेताची होती. परदेशात पाठवणी करावी असा पैसा नव्हता आणि घरच्यांना सर्व बेत सांगावा अशी स्थितीही नव्हती. गुप्तपणे निघालेल्या माणसाचा पहिला खर्च येथेच सुरू होतो. आई-वडिलांचा निरोप त्याला मोकळेपणाने घेता येत नाही. पुढे पत्र लिहावे तर ते पोलिसांच्या हाती पडण्याची भीती असते आणि न लिहावे तर मुलगा जिवंत आहे की नाही, हेही घराला कळत नाही.

अमेरिकेतील दुहेरी शिक्षण

कॅलिफोर्नियात खानखोजे यांनी बर्कले येथील विद्यापीठात शेतीचे शिक्षण सुरू केले. पोटासाठी मिळेल ते काम केले. सॅन राफेल येथील माउंट टॅमलपाइस लष्करी अकादमीत त्यांनी प्रवेश मिळवला आणि १९१० मध्ये तेथील शिक्षण पूर्ण केले. त्यानंतर ऑरेगॉनमधील कॉर्व्हॅलिस आणि वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील कृषी महाविद्यालयांत ते शिकले. १९१३ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली. लष्करी कवायत आणि पीकशास्त्र अशी ही विलक्षण जोडगोळी होती. पहिली विद्या देश स्वतंत्र करण्यासाठी होती, तर दुसरी त्या स्वतंत्र देशाला पोसण्यासाठी.

त्या काळातील अमेरिका हिंदी माणसाला सुखाने राहू देणारी नव्हती. पश्चिम किनाऱ्यावरील लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेमार्गांवर आणि मळ्यांत हजारो पंजाबी मजूर राबत होते. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे गोऱ्या जमावाने हिंदी गिरणीकामगारांवर हल्ले करून त्यांना गावाबाहेर हाकलले. पुढे १९१७ च्या कायद्याने आशियातील बहुतेक लोकांना अमेरिकेचे दरवाजे बंद झाले. १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल देऊन हिंदी लोकांचा नागरिकत्वाचा हक्कही नाकारला. परदेशात अन्याय झाला तर दाद मागायला स्वतःचा वकिलात नाही आणि ज्या साम्राज्याचे आपण प्रजाजन म्हणवले जातो, ते साम्राज्यच आपल्यावर हेर सोडते, हा अनुभव या मजुरांना येत होता. गुलाम देशाचा माणूस परदेशातही गुलामच राहतो, ही जाणीव याच अनुभवातून पक्की झाली.

त्यातूनच १९१३ मध्ये गदर पक्ष उभा राहिला. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ यांच्याबरोबर खानखोजे संघटनेच्या उभारणीत होते. सभासदांना लष्करी शिक्षण देणे आणि प्रत्यक्ष उठावाची तयारी करणे ही जबाबदारी प्रामुख्याने त्यांच्याकडे होती. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतून 'गदर' पत्राचा पहिला अंक निघाला.

नावही मागे राहिले

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि गदरच्या सैनिकांनी मायदेशाची वाट धरली. त्यांत तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हा तरुण होता. अमेरिकेहून तो भारतात पोहोचला, लष्करी छावण्यांत बंड उभारण्याच्या प्रयत्नात पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासोबत फासावर गेला. परत गेलेल्यांपुढे काय वाढून ठेवले होते, हे यावरून कळते.

खानखोजे दुसऱ्या मार्गाने निघाले. तुर्कस्तान, इराण, बलुचिस्तान अशा खुष्कीच्या मार्गाने हिंदुस्थानच्या सीमेवर धडक देण्याची ती योजना होती. वर्ध्याच्या ब्राह्मण घरातील पांडुरंग या प्रवासात महंमद खान झाले. वेश बदलला, बोली बदलली, उठण्याबसण्याच्या सवयी बदलल्या. दक्षिण इराणमधील टोळ्यांना सोबत घेऊन त्यांनी ब्रिटिश फौजांशी लढाया केल्या. ते जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. त्यानंतर भटक्या टोळ्यांच्या आश्रयाने त्यांनी दिवस काढले. सूफी अंबाप्रसाद यांच्यासारख्या सहकाऱ्याचा अंत इराणच्या मातीतच झाला. ज्या नावाने आईने हाक मारली, ते नाव उच्चारणेही जिवावर बेतेल, अशी वर्षे खानखोजे यांच्या वाट्याला आली. निर्वासिताच्या आयुष्यातील हा खर्च कोणत्याही चलनात मोजता येत नाही.

युद्ध संपले, तेव्हा योजना फसली होती. खानखोजे युरोपात पोहोचले. बर्लिनमध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्या वर्तुळात त्यांनी काम केले आणि १९२१ मध्ये मॉस्कोला गेलेल्या हिंदी क्रांतिकारकांच्या शिष्टमंडळात ते होते. तेथूनही ठोस मदत हाती आली नाही. वयाची चाळिशी जवळ आली होती. भारतात जावे तर अटक निश्चित होती. युरोपात राहावे तर ब्रिटिश हेरांचा ससेमिरा सुटत नव्हता आणि अमेरिकेत गदरच्या नेत्यांवर खटले होऊन गेले होते. जगाच्या नकाशावर पाय ठेवायला जागा शोधण्याची वेळ या माणसावर आली होती.

मक्याच्या देशात

ती जागा मेक्सिकोत सापडली. कॅलिफोर्नियात असताना खानखोजे यांची रॅमन दे नेग्री या मेक्सिकन मुत्सद्द्याशी ओळख झाली होती. हे दे नेग्री पुढे मेक्सिकोचे कृषिमंत्री झाले. ती जुनी ओळख कामी आली आणि १९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत दाखल झाले. मेक्सिको नगरीजवळच्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांना अध्यापनाचे काम मिळाले. शिकवायचे ते स्पॅनिश भाषेत. मराठी, हिंदी, इंग्रजी, फारसी यांच्या जोडीला आणखी एक भाषा आली आणि रोजच्या जगण्यातून मराठी आणखी एक पाऊल मागे सरकली.

मेक्सिको नुकताच दहा वर्षांच्या क्रांतीतून बाहेर पडला होता. १९१७ च्या राज्यघटनेने मोठ्या जमीनदारांच्या जमिनी गावांना परत देण्याचे तत्त्व मान्य केले होते. जमीन मिळालेल्या शेतकऱ्याला बियाणे आणि ज्ञान हवे होते. खानखोजे यांच्या दोन्ही विद्यांपैकी दुसरीला येथे रान मोकळे मिळाले. मका हे मेक्सिकोचे मुख्य अन्न. मक्याचा रानटी नातलग असलेल्या तेओसिंते या गवताशी मक्याचा संकर करून त्यांनी नवे वाण तयार केले. एका ताटावर अधिक कणसे धरणाऱ्या मक्यावर, तसेच थंडी आणि कमी पाऊस सोसणाऱ्या पिकांवर त्यांनी प्रयोग केले. गव्हावरही त्यांचे काम चालू होते. शिक्षणापासून वंचित असलेल्या शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला.

जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा या कामात त्यांचे साथी होते. मेक्सिको नगरीतील शिक्षण खात्याच्या इमारतीत रिव्हेरा यांनी रंगवलेल्या भित्तिचित्रांपैकी एकात मेजाभोवती बसलेल्या कष्टकऱ्यांना भाकरी मोडून देणारा पुरुष दिसतो. त्याला खानखोजे यांचा चेहरा दिलेला आहे. इटलीतून आलेल्या छायाचित्रकार टीना मोदोत्ती यांनी त्यांच्या मक्याची छायाचित्रे टिपली. याच मोदोत्ती यांना १९३० मध्ये मेक्सिकोतून हद्दपार करण्यात आले. परक्या देशात मिळालेला मान कितीही मोठा असला, तरी त्याच्या पायाखालची जमीन स्वतःची नसते, याचे ते उदाहरण खानखोजे यांच्या डोळ्यांसमोर होते.

वर्ध्याच्या माणसाचा चेहरा मेक्सिकोच्या सरकारी भिंतीवर झळकत होता, त्या काळात वर्ध्यात किंवा नागपुरात त्यांचे नाव ठाऊक असणारे किती होते? क्रांतिकारक म्हणून त्यांचे नाव गुप्त राहणे भाग होते आणि शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे काम स्पॅनिश भाषेत होते. एका देशात नाव मिळाले, पण ज्यांच्यासाठी ते मिळवायचे होते, त्यांच्या कानावर ते गेलेच नाही. स्थलांतराने केलेली ही वजाबाकी फार उशिरा लक्षात येते.

नकाराची वर्षे

१९३६ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, खानखोजे यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला. सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या. मेक्सिकोत जन्मलेल्या, बेल्जियन आईच्या या मुलींना पित्याने नावे मात्र मातृभूमीची दिली. घरात नोकरी, मान आणि मुलांचे हसणे-खेळणे होते. तरीही परतण्याची ओढ संपली नव्हती. मायदेशी जाण्यासाठी त्यांनी केलेल्या अर्जांना ब्रिटिश सरकारने नकार दिला. सरकारच्या लेखी ते धोकादायक माणसांच्या काळ्या यादीत होते.

त्यांच्या बरोबरीच्या अनेकांना तर नकार ऐकण्याचीही वेळ आली नाही. मौलवी बरकतुल्ला १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वारले. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय १९३७ मध्ये स्टालिनच्या दमनसत्रात मारले गेले. लाला हरदयाळ १९३९ मध्ये फिलाडेल्फियात वारले. यांपैकी कोणालाही स्वतंत्र भारत पाहता आला नाही. खानखोजे यांना तो पाहायला मिळाला, एवढ्यापुरते त्यांचे दैव बलवत्तर होते.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. मध्यप्रांत सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना निमंत्रण दिले आणि १९४९ मध्ये ते विमानाने मुंबईस आले. तेथे विपरीतच घडले. इंग्रज गेले होते, पण त्यांनी केलेली काळी यादी कार्यालयातून गेली नव्हती. ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी घर, नाव आणि तारुण्य घालवले, त्याच स्वातंत्र्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांना विमानतळावर अडवून ठेवले. सुटका झाली, पण पहिले स्वागत झाले ते असे. ज्या वर्षी हे घडले, त्याच्या आदल्या वर्षी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, बीडसह मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला होता. राज्यकर्ते बदलले तरी दप्तर लगेच बदलत नाही, हे त्या काळात मराठवाड्यानेही अनुभवले.

परतल्यानंतरचा परदेश

या भेटीनंतर ते मेक्सिकोला गेले आणि १९५५ मध्ये कुटुंबासह कायमचे नागपुरास परतले. तीन दशके जपलेली प्रयोगक्षेत्रे, विद्यार्थी आणि मित्र तिकडे राहिले. इकडे ज्यांनी त्यांना ओळखले असते, ती पिढी बहुतांशी सरली होती. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांचे ३१ डिसेंबर १९५६ रोजी निधन झाले. ज्या शासनाने प्रथम बोलावले होते, ते शासनच नागपुरात उरले नाही.

घरातही एक नवे स्थलांतर घडले होते, आणि त्याची नोंद सहसा घेतली जात नाही. खानखोजे यांच्यासाठी जो परतीचा प्रवास होता, तो जान यांच्यासाठी आयुष्यातील आणखी एक परका देश होता. मुलींना तर जन्मभूमी, शाळा आणि मैत्रिणी सोडाव्या लागल्या. पित्याला आपला देश परत मिळाला, त्याच दिवशी मुलींचा देश सुटला. एका माणसाने देश सोडला की त्याची किंमत एकाच पिढीत फिटत नाही. पुढे कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत पित्याचे चरित्र लिहिले, त्यामुळे या आयुष्याचा मोठा भाग वाचकांपुढे आला.

याच काळात आणखी एक प्रवास चालू होता. १९४४ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत आले. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या ज्या कार्यक्रमात ते सामील झाले, त्याची प्रयोगक्षेत्रे चापिंगोतही होती. तेथे घडलेल्या बुटक्या गव्हाच्या वाणांनी जगाच्या शेतीचा चेहरा बदलला. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले आणि हरितक्रांतीला वेग आला. खानखोजे यांचे काम आणि बोरलॉग यांचे काम यांत सरळ धागा जोडणे योग्य ठरणार नाही. दोघांच्या पद्धती आणि साधने वेगळी होती. तरीही, मेक्सिकोच्या मातीत गव्हावर आणि मक्यावर काम केलेला एक मराठी शास्त्रज्ञ नागपुरात वृद्धापकाळ कंठत असताना मेक्सिकोचे बियाणे जहाजांनी भारतात उतरत होते, ही घटना विचार करायला लावणारी आहे. बियाण्याला जी वाट सहज मिळाली, ती माणसाला मिळण्यास चार दशके लागली होती.

जानेवारी १९६७ मध्ये नागपुरात डॉ. खानखोजे यांचे निधन झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोच्या कृषी विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झाले. आयुष्यभर ज्यांच्या पाठीमागे सरकारी दप्तर शत्रू म्हणून लागले होते, त्यांचा सन्मान भारताच्या लोकसभाध्यक्षांनी मेक्सिकोच्या भूमीवर जाऊन केला. त्यांच्या निधनाला तेव्हा पंचावन्न वर्षे झाली होती.

खानखोजे यांचे जाणे आणि आजच्या विद्यार्थ्याचे जाणे सारखे नाही. आज हातात स्वतंत्र देशाचे पारपत्र असते, खिशात फोन असतो आणि परतीचे तिकीट काढता येते. तरीही काही खर्च तेच राहतात. आई-वडिलांच्या म्हातारपणी जवळ नसणे, मुलांच्या तोंडून मायबोली निसटणे, दोन्हीकडे थोडे परके होणे आणि परतल्यावर आपले गाव आपल्यासाठी थांबलेले नव्हते हे उमगणे, हे आजही कोणत्याही कर्जाच्या अर्जात लिहिलेले नसते. ऊसतोडीला जाणाऱ्या घराला ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून जाऊ नये, असा याचा अर्थ नाही. खानखोजे गेले नसते, तर मेक्सिकोच्या शेतकऱ्याला त्याचा शिक्षक मिळाला नसता. निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून या न दिसणाऱ्या खर्चाविषयीही बोलावे, एवढे मात्र त्यांच्या आयुष्यावरून सांगता येते. खानखोजे यांना तशी संधी मिळाली नव्हती.